माझा प्रवास वाचल्यापासून ऐतिहासिक कादंबऱ्या घशाखाली उतरत नाहीयेत

गच्चीचा_जिना
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे पुस्तकं म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या. बाबांच्या कपाटात रणजित देसाई, इनामदार, शिवाजी सावंत, बस, एवढीच मंडळी. सातवीच्या मे महिन्यात गच्चीच्या जिन्यात बसून स्वामी संपवली आणि थेऊरला माधवराव पेशव्यांचा शेवट वाचताना अशी हमसून रडले की आई पोळ्या टाकून धावत आली, तिला वाटलं जिन्यावरून पडले. मग श्रीमान योगी, राऊ, छावा, पानिपत, सगळं झालं, काही दोनदोनदा. म्हणजे खरं सांगायचं तर माझा इतिहास हाच.

मागच्या महिन्यात लायब्ररीत गोडसे भटजींचं माझा प्रवास हाती लागलं. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरावर कर्ज, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणारेत आणि दक्षिणा चांगली मिळेल असं कळलं म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघतो आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडतो. माणूस शूरबिर अजिबात नाही, घाबरतो, लपतो, दक्षिणा किती मिळाली ते मात्र नीट लिहितो. झाशीत गोरे शिरल्यावरची लूट त्याने लिहिलीये तीसुद्धा पायरीपायरीने, आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, कापडचोपड, असं घर खरवडत नेल्यासारखं. आणि मग काल्पीच्या वाटेवरची ती विहीर. राणी झाशीतून निसटलीये, अंगावर पठाणी पोशाख, सगळी धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी कशाला, मीच काढते. आणि मातीच्या मडक्याने पाणी शेंदून ओंजळीने पिते. संपलं. वीज कडाडत नाही, घोडा खिंकाळत नाही.

त्यानंतर एक कादंबरी परत उघडली तर चाळीस पानांत बंद केली. शामदानं, चिकाचे पडदे, पाणावलेल्या डोळ्यांच्या कडा, आणि पेशव्यापासून हुजऱ्यापर्यंत सगळे एकाच मास्तरांकडे शिकल्यासारखे बोलतात! त्यात भाच्याने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत कादंबरीतला संवाद ‘संभाजी महाराज म्हणाले होते’ म्हणून ठोकून दिला आणि पहिला नंबर आला. त्याला काय बोलणार, मी पण शाळेत हेच केलंय.

तर प्रश्न असा की हे वय झाल्याचं लक्षण आहे का? आणि आठवणी, आत्मचरित्रं, चरित्रं यात पुढे काय वाचू? नुसत्या याद्या नकोत प्लीज, का वाचायचं ते सांगा.

जुनाबाजार
लिहिलंय छान पण पटलं नाही.

शामदानं आणि पडदे मलाही नकोत, पण सगळ्यांना एका पोत्यात भरू नका राव. इनामदारांनी माणसं कोणती निवडली ते बघा ना. झेपमध्ये त्रिंबकजी डेंगळे, झुंजमध्ये यशवंतराव होळकर, मंत्रावेगळामध्ये दुसरा बाजीराव. म्हणजे ज्यांचा निकाल लोकांनी आधीच लावून टाकलाय अशी माणसं उचलायची आणि केस परत उभी करायची. आम्हाला शाळेत दुसरा बाजीराव एका शब्दात शिकवला होता, पळपुटा. संपला माणूस. मंत्रावेगळा वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की अरे, याचीही काही बाजू असेल की. आणि हे काम कागदपत्रं करत नाहीत. पत्रात काय असतं, अमुक इतके स्वार पाठवा, तमुक इतकी रसद पाठवा, पैका नाही. रात्री दिवा विझल्यावर त्या माणसाला झोप लागली का हे कुठल्या दफ्तरात सापडणार? तिथे कादंबरीकारच लागतो.

आणि श्रीमान योगी वाचलीत म्हणता तर नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना वाचली होती का? खरं सांगा. मी पहिल्या वेळी उडवली होती, तिसऱ्या वेळी वाचली आणि कान पकडले. कादंबरीच्या दारातच एक माणूस उभा राहून शिवाजीराजांकडे कसं बघायचं त्याचे कठीण कठीण प्रश्न विचारतोय आणि लेखकाने ते स्वतःच्या पुस्तकात छापलेत. भाच्याला भाषणाआधी तेवढं वाचायला द्या.

समासात_पेन्सिल
ताई, विहिरीचा प्रसंग अप्रतिमच आहे, वादच नाही. पण आधी तुमच्या हातातली प्रत कोणती ते बघा. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी जे छापलं त्यात त्यांनी बराच हात फिरवलाय. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलं. म्हणजे तब्बल साठ वर्षं मराठी माणूस जे गोडसे भटजी वाचत होता त्यात थोडे वैद्यही होते. कादंबरीकार संवाद लिहितो म्हणून तुम्ही रागावलात, इथे तर साक्षीदाराचीच जबानी दुरुस्त झालीये.

दुसरं म्हणजे भटजींनी हे वाटेत बसून नाही लिहिलेलं, घरी आल्यावर पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलंय. झाशीच्या वेढ्यात ते स्वतः होते, पण कानपूरकडचं बरंचसं कोणाकोणाकडून ऐकलेलं. मी असली पुस्तकं वाचताना समासात पेन्सिलने बारीक अक्षरात ‘पा’ किंवा ‘ऐ’ लिहीत जातो, पाहिलं आणि ऐकलं. फार मजा येते. गंमत म्हणजे ‘पा’वाल्या जागी भाषा साधी असते, मडकं, दोर, धूळ, आणि ‘ऐ’ आलं की आकडे फुगतात आणि माणसं भाषणं करायला लागतात. हे आपल्या बखरींनाही लावून बघा.

जुनाबाजार
लायब्ररीच्या पुस्तकावर पेन्सिल चालवणारे ते तुम्हीच का?

समासात_पेन्सिल
स्वतःच्या प्रतीवर हो! आणि पेन्सिलच आहे, खोडता येते.

सुपारीएवढा_गूळ
सत्तावन्नमध्ये अडकलाच आहात तर लगेच स्मृतिचित्रे घ्या. म्हणाल लक्ष्मीबाई टिळकांचा आणि बंडाचा काय संबंध. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. वेड म्हणजे किती, तर बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बंगळूरच्या बसमध्ये होते, एवढी फसकन हसले की शेजारच्या बाई सरकून बसल्या, आणि मग दोन स्टॉप गेल्यावर एकदम गलबलून आलं, कारण त्या धुण्याच्या पाण्यात आजोबांचा फास आहे हो. इतिहास घरातल्या बायकांपर्यंत पोचतो तो असा, मिठाच्या डब्यातून. हे कुठल्या कादंबरीकाराला सुचलं असतं तर आपण म्हणालो असतो काहीतरीच काय.

पुढे नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो, या मागे राहतात, हाल होतात, मग काही वर्षांनी स्वतः विचार करून त्याही ख्रिस्ती होतात. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई हे सगळं अशी सांगते की जणू ओट्यावर बसून भाजी निवडतेय. स्वतःची फजिती आधी सांगते. मला कुठल्याही आत्मचरित्राची हीच परीक्षा वाटते, स्वतःवर हसता येतंय का. त्यानंतर रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचा, १९१० च्या. तिथे विनोद कमी, पण शिकायला बसल्यावर घरातल्याच बायकांनी कसं छळलं ते वाचताना आपल्याच मुठी वळतात.

अवांतर: माझ्या सासूबाईंना स्वामी अजून जवळजवळ पाठ आहे. त्यांना थेऊरला नेलं होतं, चिंतामणीचं दर्शन पाच मिनिटांत उरकलं आणि स्वामीतल्या, माधवरावांच्या रमाबाईंच्या समाधीपाशी अर्धा तास बसून होत्या. मी काही बोलले नाही. तुम्ही पण कादंबऱ्यांवर एवढं रागावू नका.

चिल्लर_खुर्दा
माझ्या आयडीवरून कळलंच असेल मी काय बोलणार ते.

पानिपतानंतरचा तो निरोप सगळ्यांना पाठ असतो, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ऐकायला भारी आहे, काटा येतो. पण दादा, आपल्या निम्म्याहून जास्त ऐतिहासिक कादंबऱ्या त्या दोन मोत्यांवर आणि सत्तावीस मोहरांवर आहेत. खुर्द्याचं, म्हणजे साध्या माणसांचं काय? गोडसे भटजी तुम्हाला आवडले कारण ते मोती नाहीत. सुटे पैसे आहेत.

म्हणून मी म्हणेन दया पवारांचं बलुतं वाचा. १९७८ चं. त्यात दगडू मारुती पवार स्वतःची गोष्ट दया पवारला सांगतो, म्हणजे स्वतःच स्वतःला, कारण शिकून शहरात नोकरीला लागलेला माणूस आणि तो गावचा पोरगा एका अंगात मावत नाहीत. मुंबईतली कावाखान्याची वस्ती, गावचा महारवाडा, कोणालाच सोडत नाही, आपल्या माणसांनाही नाही आणि स्वतःला तर नाहीच. मग बेबी कांबळेंचं जिणं आमुचं. पहिल्यांदा वाचाल तेव्हा जेवणाआधी वाचू नका.

चरित्रांचं म्हणाल तर आपल्याकडे चरित्र आणि आरती यात फारसा फरक करत नाहीत. धनंजय कीरांसारखा एखादा बसून कागद गोळा करतो, आंबेडकरांचंही लिहितो आणि सावरकरांचंही लिहितो. बाकी सगळे गौरवग्रंथ. मला नोकरीपायी एका संस्थापकांचं चरित्र तपासावं लागलं होतं, नाव सांगत नाही, पोट आहे. साडेतीनशे पानं, पण त्या माणसाला आयुष्यात कधी साधी सर्दी झाली नव्हती की कोणाचे पैसे बुडाले नव्हते. बालपणापासून नुसता तेजस्वी. शेवटी वैतागून मी एका प्रकरणात ‘हट्टी स्वभाव’ हे दोन शब्द घातले, ते पण प्रूफात उडवले.

गच्चीचा_जिना
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

समासात_पेन्सिल, तुमचं वाचल्या वाचल्या उठून बघितलं. वैद्यांचीच प्रत निघाली! म्हणजे ते मडकं, ती ओंजळ, सगळं भटजींचं की वैद्यांचं, आता पोतदारांची प्रत मिळेपर्यंत चैन पडणार नाही. आमच्या लायब्ररीत विचारलं तर काका म्हणाले आहे, पण एका मेंबरने नेलंय आणि ते मेंबर आता पुण्याला राहायला गेलेत. कोणाकडे असेल तर त्या प्रसंगाच्या पानाचा फोटो टाका ना प्लीज. जुनाबाजार, प्रस्तावना नव्हती वाचली, कबूल. स्मृतिचित्रे उद्याच आणते. मिठाचं बाबांना वाचून दाखवलं, ते खूप हसले आणि मग म्हणाले, तुझं ते स्वामी वाचवत नसेल तर माझ्या उशाशी ठेव, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता बारीक अक्षर दिसतंय मला.