बाळावरचं संशोधन: 'संमती' की 'परवानगी'?

नवजात अतिदक्षता विभागातल्या (एनआयसीयूतल्या) एका संशोधनाचं माहितीपत्रक मराठीत तपासतोय. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'ला 'माहितीपूर्ण संमती' रुळलंय, पण बाळाच्या वतीने आईवडील देतात तिलाही संमतीच म्हणायचं? शिवाय 'रँडमायझेशन'ला 'यादृच्छिकीकरण' लिहिलंय. हे कोणाला कळणार?

— संमती माणूस स्वतःपुरती देतो. लग्नाला संमती, पण मुलाला सहलीला जायची परवानगी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९५ सालीच हा फरक करून पालकांसाठी परवानगीचा शब्द घेतला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. तान्ह्या बाळाचा प्रश्नच नाही. माझं मत 'परवानगी'ला.

— एनआयसीयूत काम करते म्हणून सांगते, तिथे परवानगी उलट्या दिशेने चालते. बाळाला हात लावू का, हे बाप सिस्टरना विचारतो. त्याच बापापुढे कागद ठेवून 'तुमची परवानगी हवी' म्हटलं तर त्याला खरं वाटत नाही. त्याच्या लेखी ती फक्त 'सही'. बाळ पेटीत, आई सिझर होऊन वॉर्डात, हा औषधांची चिठ्ठी घेऊन जिन्यात. शब्द बदलला तरी हे बदलत नाही, पण 'परवानगी' लिहाच. निदान 'नाही म्हणता येतं का?' हा प्रश्न तरी त्यातून सुचतो.

यादृच्छिकीकरण मात्र काढा. सरळ लिहा: 'कोणत्या बाळाला कोणता उपचार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल.'

— चिठ्ठी म्हणजे जुगार वाटेल. लोक घाबरतील.

— घाबरू द्या की थोडं! हेलिक्स चाचणी आठवा. जन्मताना गुदमरलेल्या बाळांचं शरीर थंड ठेवायचा उपचार, जन्मानंतर सहा तासांत सुरू करायचा, म्हणजे पालकांनी विचार करायचा तो त्याच सहा तासांत. श्रीमंत देशांत तो उपचार रूढ झालेला. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला, निकाल २०२१ मध्ये आला: थंड ठेवलेल्यांत मृत्यू ४२ टक्के, इतरांत ३१. 'नवीन, चांगली ट्रीटमेंट' असं सांगून सही घेणं किती चूक ठरलं असतं बघा. आधी कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर चिठ्ठी.

— पटलं. 'परवानगी' आणि 'चिठ्ठी' घेतो. 'सहभागातून माघार'ऐवजी 'मध्येच नको म्हणालात तरी बाळाचे उपचार चालूच राहतील' असं करतो.

— ते वाक्य सहीच्या रकान्याच्या वर घ्या. तिसऱ्या पानावर कोणी जात नाही.