ऊसतोडीवर कथा लिहितोय, पण उसाचा फड कधी पाहिलेला नाही

निळीशाई:
नायिका बीडकडची, ऊसतोड करणारी, तिशीतच गर्भपिशवी काढलेली. मी पुण्याचा, उसाशी संबंध रसवंतीपुरता. २०१९ च्या नीलम गोऱ्हे समितीचे आकडे वाचले, ८२,३०९ बायकांची पाहणी आणि त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली, वाचून सुन्न झालो पण आकड्यातून बाई काही उभी राहीना. तिकडं जाऊन थेट विचारू का? म्हणजे अनोळखी बाईला "ऑपरेशन कधी झालं" असं? लाज वाटते राव.

पाटोद्याचा:
लाज वाटते हे बरंय. आमचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. मधे कॅमेरेवाले यायचे, पिशवी काढलेल्या बाया कुठं राहतात म्हणून पत्ता विचारत, एकानं आईलाच विचारलं तर ती काही न बोलता भांडी घासायला उठून गेली. पिशवीचं विचारूच नका. कामाचं विचारा. पहाटे कितीला उठता, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून काय सुटतं, गाडी रात्री भरायला आली तर पोरं कोपीत (झोपडीत) कोणाजवळ. नवरा तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, पाळी असो नाहीतर सातवा महिना असो. एक दिवस खाडा झाला की मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, पैसे कापतो. यावर बोलायला लागली की पुढचं ती स्वतःच सांगेल, नाही सांगितलं तर नाही. आणि मजूर मोजताना नवराबायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा, एवढं तरी माहीत करून या.

सिस्टरताई:
मी नर्स आहे, माझ्याकडून एवढंच. पिशवी काढली, त्रास संपला असं दाखवू नका हं. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई येते, औषधानं बरं होण्यासारखं असतं बऱ्याचदा, पण खाजगीत कोणीतरी कॅन्सरची भीती घालतं आणि मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऑपरेशन होतं. बीजांडंही काढली असली तर तिशीतच अंगातून वाफा, झोप नाही, हाडं दुखणार, आणि तशातच पुढच्या सीझनला मोळी उचलायची कारण उचल फिटलेली नसते.

कडूकारलं:
पण नायिका पिशवीवालीच का पाहिजे? पेपरात आलं म्हणून? त्या बाईला हसू येत नसेल का कधी, जावेशी भांडण, मोबाईलवर रील्स?

निळीशाई:
@कडूकारलं लागलं, पण खरंय. पहिली दोन पानं फाडली, त्यात ती नुसती रडतच होती. @पाटोद्याचा दिवाळीच्या सुट्टीत येऊ का?

पाटोद्याचा:
दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि कुलपं, दोनच भेटतील. एप्रिल संपता संपता या, टोळ्या परतलेल्या असतात. आईकडंच उतरा, फक्त वही पहिल्या दिवशी बाहेर काढू नका.