मराठी स्तोत्रांना चार आवाज: स्वरमेळ रागातून कसा काढावा?

नगरी_टेनर

नमस्कार.

आमच्या मंडळीच्या कॉयरसाठी मी एक नवी उपासनारचना लिहीत आहे. ती येत्या ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत गायली जावी, अशी पाळकसाहेबांची इच्छा आहे. सुरुवातीला स्तोत्र १३०, मग मंडळीतल्याच एका कवीचे दोन नवे अभंग, त्यानंतर स्तोत्र २३ आणि अखेरीस 'पवित्र, पवित्र, पवित्र' असा बेत आहे. १३०व्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी येतात, म्हणून त्याची चाल भैरवात बांधली. अभंगांच्या चाली भूपात आहेत. या तिन्ही चाली एका आवाजात गायल्या की मनासारख्या उतरतात. स्तोत्र २३ मात्र चालीपाशीच अडले आहे आणि शेवटच्या भागाला अजून हात लावलेला नाही.

अडचण चार आवाज मांडताना येते. सोप्रानोला (बायकांचा उंच आवाज) चाल देऊन आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच) आणि बास (पुरुषांचा खालचा) यांची भर घातली की भैरवाचा भैरव राहत नाही आणि भूप तर थेट इंग्रजी हिमच्या (चर्चमधल्या स्तुतिगीताच्या) वळणावर जातो. आमच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात दोन प्रवाह शेजारी शेजारी नांदतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. एकीकडे ना. वा. टिळकांचे अभंग आणि पदे, जी पेटी, तबला आणि टाळांच्या साथीने सर्वजण एका सुरात म्हणतात. दुसरीकडे भाषांतरित गीते, जी परदेशी चालींवर चार आवाजांत गायली जातात. दोन्ही मला प्रिय आहेत, पण एकाचे धड दुसऱ्याला जोडण्याची माझी इच्छा नाही. मराठी चालीला तिच्याच अंगाने फुटणारा स्वरमेळ (एकाच वेळी लागणाऱ्या वेगवेगळ्या स्वरांचा मेळ) हवा आहे. असे काम कोणी केले असल्यास कृपया मार्ग सुचवावा. स्तोत्र २३चा गद्य मजकूर तालात कसा बसवावा, हाही प्रश्न आहे.

गांधार_पंचम

मी हिंदुस्थानी कंठसंगीत शिकवतो आणि चर्चसंगीताशी माझा संबंध केवळ श्रोत्याचा आहे, तेव्हा मी रागाच्या बाजूने बोलतो. आपण चरण संपवताना नेहमीचा पंचमावरचा त्रिस्वर (एकत्र लागणारे तीन स्वर) वापरत असणार, असा माझा कयास आहे, कारण पाश्चात्त्य पद्धतीत वाक्य तसेच मिटते. भैरवात हे जमत नाही. पंचमावर त्रिस्वर रचला तर प, नी आणि कोमल रे असे स्वर येतात आणि तो मेळ लंगडा लागतो. तो सुधारण्यासाठी आल्टोला शुद्ध रे दिला की राग त्या क्षणापुरता नटभैरव होतो. ऐकणाऱ्याला नाव सांगता येणार नाही कदाचित, पण काहीतरी निसटले हे त्याला कळते.

भैरवाच्या स्वतःच्या घरात दोन उत्तम वाटा आहेत. मध्यमावर म, कोमल ध, सा असा गंभीर त्रिस्वर मिळतो आणि तो सा, ग, प या मूळ त्रिस्वरावर उतरला की वाक्य शांतपणे मिटते. दुसरी वाट कोमल रिषभावरची: कोमल रे, म, कोमल ध. हा त्रिस्वर तेजस्वी असून तो सरळ षड्जावर बसतो, आणि कोमल रे सा वर येण्याची भैरवाची ओढ त्यात आपोआप सांभाळली जाते. १३०व्या स्तोत्रातल्या खोल गर्तेतून मारलेल्या हाकेला मी पहिली वाट देईन आणि पहाटेच्या उल्लेखाला दुसरी. रे आणि ध यांचे आंदोलन मात्र सगळ्या कॉयरकडून मागू नये. वीस माणसे एकाच वेळी स्वर झुलवू लागली की तो झुलत नाही, गढूळ होतो. आंदोलन एकट्या गायकाला द्यावे आणि बाकीच्यांनी त्याखाली स्थिर स्वर धरावा.

भूपाची गोष्ट वेगळी आहे. म आणि नी नसल्याने त्यात पूर्ण त्रिस्वर दोनच निघतात: सा, ग, प आणि ध, सा, ग. म्हणजे हिममधले नेहमीचे येणेजाणे तिथे मुळातच शक्य नाही, आणि ते जबरदस्तीने आणायचे तर वर्ज्य स्वर आणावे लागतात. त्यापेक्षा बासने षड्ज धरून ठेवावा, वर रे, प, ध एकत्र ठेवावेत आणि चरण संपताना रे सा वर व ध प वर उतरवावा. गांधार नसलेला तो मोकळा शेवट भूपाला शोभतो. आणखी एक पथ्य सांगतो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच आहेत. भूपात वादी, म्हणजे प्रमुख स्वर, गांधार आणि देशकारात धैवत. आपल्या आल्टोने चरणामागून चरण धैवतावर मुक्काम ठोकला, तर सोप्रानो कितीही निष्ठेने भूप गात असली तरी एकूण परिणाम देशकाराकडे झुकेल. मधल्या आवाजांना स्वर वाटताना कोणता स्वर किती काळ ऐकू येतो, याचा हिशेब ठेवावा.

ओवीकर

विषयाला धरूनच एक शंका मांडतो. टिळकांनी आणि त्यांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तने रचणाऱ्या कृष्णराव सांगळ्यांनी जे केले, ते एका सुरातच केले आणि त्यात काही उणे राहिले असे मला कधी वाटले नाही. अभंगाची ताकद सर्वांनी मिळून म्हणण्यात आहे. चार आवाज आले की मंडळी गप्प होते आणि कॉयर गाते. अशी नवी रचना नेमकी कोणासाठी लिहायची, हे आधी ठरवावे.

वसईची_आल्टो

ओवीकरांची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर रचनेतच देता येते. आमच्याकडे कॅथलिकांत हा वाद जुना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीवरचा जो दस्तऐवज संमत केला, त्याच्या सहाव्या प्रकरणात बहुस्वरी गायनाला जागा ठेवली आहे, ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य स्थान द्यावे असेही म्हटले आहे, आणि भक्तगणांचा सहभाग सुटता कामा नये हेही बजावले आहे. तिन्ही गोष्टी एकत्र पाळायच्या तर ध्रुवपद लोकांचे आणि कडवी कॉयरची, अशी विभागणी सोयीची पडते. ध्रुवपद एका सुरात, चारपाच स्वरांच्या आत आणि पहिल्यांदा ऐकून म्हणता येईल इतके सोपे ठेवावे. कॉयर कडवे चार आवाजांत गाऊन पुन्हा त्याच सुरावर आले, म्हणजे लोकांना उचलायला अडचण येत नाही.

आता आल्टोच्या रांगेतून दोन गाऱ्हाणी. मराठीत शब्द व्यंजनावर संपतात आणि लांब स्वरावर 'मेंढपाळ' आला की निम्मा कॉयर पहिल्याच मात्रेला 'ळ' म्हणून जीभ वळवून बसतो, त्यामुळे उरलेल्या मात्रांत नुसता घोगरा आवाज ऐकू येतो. स्वर पूर्ण होईपर्यंत 'पा' उघडा ठेवावा आणि 'ळ' कोणत्या मात्रेवर मिटायचा, ते प्रतीवर लिहून द्यावे. दुसरे गाऱ्हाणे पट्टीचे. आपल्याकडे बायकांचा आणि पुरुषांचा षड्ज वेगळा असतो, पण चार आवाजांत तो एकच धरावा लागतो. पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) धरली तर बासला खालचा षड्ज सहज लागतो. मात्र चाल मंद्र पंचमाकडे वळली की सोप्रानो ऐकूच येत नाहीत. तेवढी ओळ आमच्याकडे द्यावी. आम्हाला चाल मिळण्याचे प्रसंग तसेही थोडेच येतात.

ज्यांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चार ओळींत एकाखाली एक सारेगम लिहून मात्रांच्या उभ्या रेघा माराव्यात. गोव्यात उपवासकाळात गायल्या जाणाऱ्या मोटेटांची (बहुस्वरी भक्तिगीतांची) गोष्ट निराळी आहे. तिथे पॅरिश शाळांतून शिकलेल्या मेस्त्रींनी (संगीतशिक्षकांनी) पिढ्यान् पिढ्या नोटेशन शिकवल्यामुळे व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि गायक एकाच कागदावरून वाचू शकत. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून रचना अडता कामा नये.

लीड्सचा_बास

मी मूळचा सोलापूरचा असून गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका अँग्लिकन चर्चच्या कॉयरमध्ये गातो. आपल्या दोन्ही प्रश्नांना उपयोगी पडेल असे काही विसाव्या शतकातल्या रचनाकारांकडे सापडते.

जॉन टॅव्हनर १९७७ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथात गेले आणि बायझंटाइन गायनातला अखंड धरलेला आधारस्वर त्यांनी इंग्रजी कॉयरमध्ये रुजवला. त्यांची १९९३ची 'साँग फॉर अथीनी' ही रचना १९९७ मध्ये डायानाच्या अंत्यविधीत वेस्टमिन्स्टर ॲबीत गायली गेली, त्यामुळे ती अनेकांच्या कानांवरून गेली असेल. तिच्यात बास आरंभापासून अखेरपर्यंत एकच स्वर धरून असतात आणि वरचे आवाज त्या स्वराच्या साक्षीने चालतात. आपल्याला तानपुऱ्याची सवय असल्याने यात परके काहीच वाटू नये. बासनी आळीपाळीने श्वास घ्यावा, म्हणजे स्वर तुटत नाही. याचा आणखी एक लाभ असा की तालमीत पेटी बंद ठेवली तर गांधार आपोआप शुद्ध लागू लागतो. पेटीवरचा गांधार त्या नैसर्गिक गांधाराहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि लांब धरलेल्या त्रिस्वरात हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरे नाव एस्टोनियाच्या आर्वो पॅर्त यांचे. १९६८ नंतर त्यांनी फार थोडे लिहिले, ग्रेगोरियन गायन आणि जुने बहुस्वरी संगीत अभ्यासले आणि १९७६ मध्ये स्वतःची नवी पद्धत घेऊन ते पुढे आले. तिच्यात एक आवाज पायरीपायरीने चाल गातो आणि दुसरा फक्त मूळ त्रिस्वराचे स्वर घेत त्याच्यासोबत राहतो. १९७७च्या 'मिसा सिलाबिका'त तर चाल किती पायऱ्या चढणार वा उतरणार, हे शब्दातल्या अक्षरांच्या संख्येवरून ठरते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की सा, ग, प हे तिन्ही स्वर भूपातही आहेत आणि भैरवातही. म्हणजे दुसऱ्या आवाजाने एवढेच स्वर घेतले तर कोणत्याही ठिकाणी वर्ज्य स्वर येत नाही. शिवाय अभंग हा अक्षरछंद आहे. त्यात लघुगुरूचा भेद न करता प्रत्येक अक्षर सारख्या लांबीचे म्हणतात. एका अक्षराला एक स्वर देणारी पद्धत त्याला जशीच्या तशी लागू पडते. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण सहा मात्रांच्या दादऱ्याच्या चार आवर्तनांत बसतात, आणि शेवटच्या दोन मात्रा चारही आवाजांना एकत्र श्वास घ्यायला मिळतात.

स्तोत्र २३ मात्र गद्य आहे, त्यामुळे त्याला ताल लावण्याचा आग्रहच सोडावा, असे मला वाटते. फ्रेंच येशूसंघीय जोसेफ जेलिनो यांनी स्तोत्रांसाठी ठोके समान ठेवून मधली अक्षरे कमीजास्त करण्याची युक्ती काढली, पण ती शब्दांवरच्या आघातांवर उभी आहे आणि मराठीत तसा ठळक आघात नाही. त्यापेक्षा अँग्लिकन पद्धत जवळची. तिच्या एकेरी चालीत फक्त दहा स्वरमेळ असतात, वचनाच्या पहिल्या अर्ध्याला चार आणि दुसऱ्याला सहा. पहिल्या मेळावर हवी तितकी अक्षरे बोलण्याच्या वेगाने म्हणायची आणि शेवटच्या अक्षरांवर मेळ बदलायचा. 'परमेश्वर माझा मेंढ' एवढे एका मेळावर म्हणून 'पाळ', 'आ', 'हे' यांवर तीन बदल. पुढे 'मला काही उ' पर्यंत दुसरा स्थिर मेळ आणि 'णे', 'पड', 'णार', 'ना', 'ही' यांवर पाच बदल. मेळ कोणते घ्यायचे, ते अर्थात रागातून निवडावे. इंग्रजी चालींचे मेळ उचलले तर आपण पुन्हा मूळ अडचणीपाशी येऊ.

नगरी_टेनर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी १३०व्या स्तोत्राचे शेवट मध्यमाच्या त्रिस्वरावरून बांधले आणि काल कॉयरकडून पेटीविना म्हणवून घेतले. पहिल्या ओळीला बास डगमगले. तानपुऱ्याचे ॲप लावल्यावर स्थिरावले. कोमल रिषभाचा मेळ पहारेकऱ्यांच्या ओळीवर एकदाच ठेवला आहे, कारण तो दोनदा आला की त्याची धार जाते. दोन्ही अभंगांच्या ध्रुवपदांना मंडळी एका सुरात आणि कडव्यांना सोप्रानोसोबत टेनर सा, ग, प एवढ्यांवर, अशी मांडणी केली आहे. ओवीकर, आपल्या शंकेमुळे ध्रुवपदाची चाल बरीच सोपी केली, तीही ऐकून कळवावे.

आता स्तोत्र २३. लीड्सच्या बंधूंनी दाखवलेली फोड म्हणून पाहिली. शब्द स्पष्ट कळतात. मात्र स्थिर मेळावर जलद म्हणताना 'परमेश्वर'मधला शेवटचा 'र' काहीजण अभंगासारखा उघडा म्हणतात आणि काहीजण बोलण्यासारखा मिटवतात. याबाबत कोणता नियम ठेवावा?

गांधार_पंचम

अभंगात उघडा, गद्यात मिटलेला. एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रकार येणार असल्याने प्रतीवर 'र'चा पाय मोडून दाखवावा, म्हणजे तालमीत पुन्हा पुन्हा सांगावे लागणार नाही. शेवटच्या भागासाठी एक सुचवतो: 'पवित्र' हा शब्द तीनदा येतो, तर पहिल्यांदा नुसता षड्ज, दुसऱ्यांदा षड्ज आणि पंचम, आणि तिसऱ्यांदा गांधारासह पूर्ण मेळ असा चढवून पाहावा. राग त्यानंतर ठरवला तरी चालेल.

वसईची_आल्टो

आणि तो गांधार आल्टोला द्यावा.