बर्फावरची मासेमारी आणि पाणी: तुमचे अनुभव

हिमपुणेकर
शेजारी आज गाडीत ऑगर (बर्फाला भोक पाडायचं गिरमिट) चढवताना दिसला आणि मिनेसोटातलं मिल लॅक्स तळं आठवलं. मेव्हणा पुण्याहून आला होता, त्याला हौसेने वॉलाय मासे पकडायला नेलं. गोठलेल्या तळ्यावर तंबू, आत प्रोपेनचा हिटर. दुपारी त्याचं डोकं ठणकायला लागलं. आधी धास्ती कार्बन मोनॉक्साइडची, म्हणून त्याला बाहेर काढलं. पण अलार्म गप्पच होता. मग कळलं, पठ्ठ्याने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. म्हणे, "एवढ्या थंडीत तहान कुणाला लागते?" तुम्ही काय करता? लिहा.

सिमकोकर
बाटली उलटी ठेवायची. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे बर्फ बुडाशी धरतो, तोंड मोकळं राहतं. कूलरमध्ये ठेवली तर उत्तम.

राधा_डुलुथ
तुमचं बरंय! चार थर कपडे, वर बिब (छातीपर्यंतची जाड पँट), आणि मैलभर आडोसा नाही. आमच्यातल्या बायका मुद्दाम पीत नाहीत. मैत्रीण वेगळा छोटा तंबू आणि बादली आणायला लागली, तेव्हापासून मी पिते.

माजी_परिचारिका
राधा, अगदी. त्यात थंडीत लघवी जास्तच होते. कातडीकडचं रक्त आत वळतं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी फार झालं. तहान मात्र दबते. कोरड्या हवेत श्वासावाटे जातं ते वेगळंच. लघवी गडद दिसली की समजायचं.

बंड्या
ब्रँडी चालेल ना ताई? 😀

माजी_परिचारिका
नाही. ऊब नुसती वाटते, अंगातली उष्णता बाहेर जाते.

बंड्या
😔

भटका
मासेमारी नाही केली, पण लडाखला गोठलेल्या नदीवरच्या चादर ट्रेकला कुणी बर्फ चोखला की गाइड ओरडायचा. वितळवायला आपलीच ऊब जाते ना.

मालवणी_मुलगी
थर्मासात कडकडीत कोकम सार, मिरची-जिऱ्याची फोडणी घालून!! सासरे कॅनडाचे, आता तळ्यावर निघालं की आधी "ते गुलाबी सूप" घेतलं का विचारतात. कॉफी घरीच राहते.

सिमकोकर
विषय निघालाच आहे तर, नवीन मंडळींनो, पायी जायला किमान 4 इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. पांढरा असेल तर त्याहून बराच जास्त.

राधा_डुलुथ
@मालवणी_मुलगी आमसुलं कुठून आणतेस? इथली जुनाट निघतात.

मालवणी_मुलगी
आई पाठवते वेंगुर्ल्याहून. पर्च मासे तळताना रवा लावतेस की तांदळाचं पीठ?

राधा_डुलुथ
रवा. नवरा पीठवाला, रोज भांडण.

बंड्या
पीठ!