अणशीच्या जंगलात घरच्यांना घेऊन जायचंय, कधी आणि कसं जावं?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, शहापूरला राहतो. आमच्या गल्लीतला निम्मा माणूस दांडेलीला जाऊन आलाय खरं सगळे राफ्टिंग करून, रिसॉर्टात जेवून, रात्री डीजे लावून परत, जंगल काय बघितलं विचारलं तर फोटोत नुसती लाइफ जॅकेटं. मला तसं नकोय. पोरगी सहावीत आहे, तिला प्राण्यापक्ष्यांचं लई वेड, सोबत आईपण येणार म्हणतेय आणि तिचे गुडघे दुखतात. दांडेलीकडचं अणशी नॅशनल पार्क नीट बघायचं तर मुक्काम कुठं करावा, दांडेली, गणेशगुडी की थेट अणशी? वाघ दिसायची शक्यता किती? काळा बिबट्या खरंच आहे का रिसॉर्टवाल्यांची जाहिरात? ऑफिसातला एक जण म्हणतोय एवढं लांब कशाला, भीमगड अभयारण्य आपल्या खानापुरातच आहे की. आणि फेब्रुवारीत जावं की मेच्या सुट्टीत? जरा सविस्तर सांगा.

खानापूरचा_गडी

वाघाचं आधी मनातनं काढून टाका, मग पुढचं बोलू. ताडोब्याला वाघ दिसतो कारण तिथं सपाटी आहे, उन्हाळ्यात पानं झडतात आणि पाणी मोजक्या ठिकाणी राहतंय. इथं सगळा सह्याद्रीचा चढउतार, बारा महिने हिरवं, ओढे जागोजागी, रस्त्यापासनं दहा पावलांवर गवा उभा असला तरी कळत नाही, मग वाघ कशाला तुमच्या जीपपुढं येऊन बसंल. वाघ आहेत, वनखात्याच्या कॅमेऱ्यात येतात. आणि ते काय एकाच जागी राहत नाहीत, हे रान अणशी-दांडेलीपासनं भीमगड, गोव्याचं म्हादई, तिळारी, राधानगरी करत चांदोलीपर्यंत तुटक तुटक का होईना जोडलेलं आहे, त्या वाटेनं वाघ वर सरकतात. आपल्या कणकुंबी-चोर्ल्याच्या रस्त्यानं आपण पणजीला जातो तो रस्ता ह्याच वाटेला आडवा छेदून जातोय, हे कितीजणांना माहीत असतंय.

काळा बिबट्या जाहिरात नव्हे, खरा. वेगळी जात मात्र नव्हे, आपला साधाच बिबट्या, जन्मतः काळा. ऊन नीट पडलं तर अंगावरचे ठिपके दिसतात. गर्द ओल्या रानात असे काळे जास्त असतात म्हणून ह्या भागाचं नाव झालं. दिसेल का म्हणाल तर नशीब.

आता नावांचा घोळ. तुम्ही अणशी अणशी म्हणताय खरं बोर्डावर सगळीकडं काळी टायगर रिझर्व्ह लिहिलेलं असणार. दांडेली अभयारण्य १९५६ चं, अणशी नॅशनल पार्क १९८७ चं, दोन्ही मिळून २००७ ला व्याघ्र प्रकल्प केला आणि २०१५ ला नाव बदलून काळी ठेवलं, नदीवरनं. मुद्दा हा की जीप सफारी होते ती दांडेलीच्या बाजूला, कुळगी-फणसोलीकडनं. अणशीच्या बाजूला जास्त करून गाईड घेऊन पायवाटेनं फिरायचं काम. आईला घेऊन जाणार तर एक रात्र कुळगीला वनखात्याच्या कॅम्पात राहा, सकाळची सफारी करा, मग दुसऱ्या दिवशी गणेशगुडी-जोयडा-कुंभारवाडा करत अणशीपर्यंत गाडीनंच जाऊन या. त्या रस्त्यावर काचा खाली करून सावकाश गेलात तरी अर्धं जंगल बघितल्यासारखं आहे. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर असं गेलात तर अणशीला तीन-साडेतीन तास धरा. पेट्रोल खानापुरातच फुल करा, जोयडा सोडल्यावर मोबाईलचाही भरवसा नाही.

भीमगडाचं त्या ऑफिसातल्या माणसाला सांगा की ते सहलीचं ठिकाण नव्हे. १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, २०११ ला जाहीर झालं, म्हादईचा उगम त्याच रानातला, शिवाजी महाराजांचा किल्ला आत आहे. आणि बारापेडे गुहेत एक दुर्मिळ वटवाघूळ राहतंय, रॉटनचं म्हणतात त्याला, कितीतरी वर्षं जगात फक्त तिथंच आहे अशी समजूत होती, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. म्हणून गुहेकडं कुणालाही सोडत नाहीत आणि सोडूही नये. विनापरवाना आत शिरून रील टाकणारे आमच्याच तालुक्यातले आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला लागलो तर इथं तोंड खराब होईल.

पक्षीवेडा_टिळकवाडी

वरच्यांनी वाघाचं बरोबर सांगितलं. मी तर म्हणतो पोरगीला पक्ष्यांचं वेड आहे ना, मग वाघाचा विषयच काढू नका तिच्यापुढं, धनेश दाखवा. पश्चिम घाटात धनेशाच्या चार जाती आहेत आणि चारही ह्या भागात मिळतात. मोठा महाधनेश उडाला की पंखांचा आवाज एवढा येतो की पक्षी दिसायच्या आधी आवाजानं मान वर जाते. दांडेली गावात वनखात्याचा लाकूड डेपो आहे, तिथं सकाळी कवड्या धनेश आरामात दिसतात, आईंना एक पायरीसुद्धा चढावी लागणार नाही.

आणि फेब्रुवारी का म्हणाल तर विणीचा काळ. मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, ढोलीचं तोंड विष्ठेनं आणि चिखलानं लिंपून बंद करून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. मग अंडी उबवून पिल्लं मोठी होईस्तोवर नर बाहेरनं फळं आणून आणून भरवतो, अंजिराच्या जातीची, म्हणजे वड-उंबरवर्गातली फळं जास्त. नराला काही झालं तर आतली मादी आणि पिल्लं अडकलीच म्हणायची. म्हणून त्या दिवसांत घरटं कुठं आहे हे कळलं तरी जवळ जाऊ नये, झाडाखाली घोळका करून उभं राहू नये. फोटोसाठी तासन्‌तास झाडाखाली ठाण मांडणारे मी बघितलेत, नर तोंडात फळ घेऊन लांबच्या फांदीवर बसून राहतो, खाली येत नाही. कॅमेरा दोन लाखांचा आणि अक्कल शून्य.

गणेशगुडीला राहिलात तर स्थानिक पोरं पक्षी दाखवायला येतात, फार तयार आहेत. बेडूकमुख्या नावाचा पक्षी आहे, दिवसा फांदीवर जोडीनं वाळक्या पानासारखा बसलेला असतो, तुम्ही समोर उभे असला तरी गाईडनं बोट दाखवल्याशिवाय दिसणार नाही. मलबारी कर्णा, आणि नदीच्या कडेला नशीब असेल तर निळ्या कानाचा खंड्या. शेकरू तर हमखास. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून बोलावू नका, तेवढं पाळा. दुर्बीण मात्र घ्या, एकच घेतलीत तर पोरगीच्याच गळ्यात राहणार, तुम्हाला मिळायची नाही.

निपाणीवाला

पावसाळ्यात जाणार असाल तर आमच्या निपाणीची तंबाखू घेऊन जावा 😄 मस्करी नाही, पायमोज्याला तंबाखूची पूड आणि मीठ चोळलं की जळवा चढत नाहीत. चढलीच तर ओढून काढू नका. खरं आईंना घेऊन पावसाळ्यात नकोच, अणशी घाटात दरड येते आणि रस्ता बंद झाला की सगळा वळसा. मेमध्ये उकाड्यानं जीव जातो, शिवाय सुट्टीची गर्दी. फेब्रुवारीच.

जोयड्याची_लेक

माझं माहेर जोयडा तालुक्यात, लग्न होऊन आता बेळगावात अनगोळला. दोन गोष्टी सांगते ज्या वर कुणी सांगितल्या नाहीत.

पहिली म्हणजे माकडताप. जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम, तुम्ही नेमके तेव्हाच जाणार. गोचिडीतनं होतो, १९५७ ला शिमोग्याकडं क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा सापडला आणि आता आमच्या कारवार म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्यात सत्तरीला, दोडामार्गाकडंही होतो. घाबरून जाऊ नका, रस्त्यानं फिरणाऱ्याला फारसं काही नाही, खरं पोरगीला पाचोळ्यावर बसू देऊ नका, पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आणि रूमवर आल्यावर आंघोळ करून कपडे झाडून बघा. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच गार्डाला सांगायचं. आमच्या गावाला आरोग्यखात्याकडनं अंगाला लावायचं तेल देतात. परत आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आठवणीनं सांगा, नाहीतर डेंग्यू डेंग्यू करत बसतात.

दुसरी गोष्ट, तुम्ही ज्याला नुसतं जंगल म्हणताय तिथं माणसं राहतात. कुणबी, गवळी धनगर, मूळचे आफ्रिकेतले सिद्दी. रामनगर लागेल ना तुम्हाला वाटेत, ती काळी नदीवरच्या सुपा धरणातनं उठवलेल्यांची वस्ती. जुनं सुपा गाव, जे तालुक्याचं ठिकाण होतं, ते पाण्याखाली आहे. आता व्याघ्र प्रकल्पातनं बाहेर पडायला घरटी पैसे देतात, आधी १० लाख होते, मग १५ झाले. काहीजण पोरांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी खुशीनं गेले आणि काहीजण म्हणतात वीज नाही रस्ता नाही करत इतकी वर्षं कंटाळवून मग पैसे दाखवले तर त्याला खुशी कशी म्हणायची. माझ्याच घरात दोन्ही मतांचे लोक आहेत, जेवताना विषय काढत नाही. मला एवढंच वाटतं की पैसे खर्च करणारच आहात तर एक मुक्काम गावातल्या घरगुती होमस्टेत करा. जेवणात रानातले कंद मागा, आमच्याकडं कुणबी लोक कितीतरी जातीचे कंद लावतात, जोयड्याला त्यांचा दरवर्षी मेळा भरतो. नाचणीची आंबील मिळाली तर आईंना आवडेल. आणि कुठल्याही होमस्टेत आधी विचारा, रात्री गाणी लावता का. लावत असतील तर दुसरं बघा.

शहापूरकर

एवढं कोण लिहितं आजकाल, धन्यवाद सगळ्यांचे. फेब्रुवारी पक्कं. अजून दोन शंका. सिंथेरी रॉक आईला जमेल का? आणि बायकोला उळवीला लिंगायत संत चन्नबसवण्णांचं दर्शन घ्यायचंय, ते ह्याच रस्त्यात येतंय का?

खानापूरचा_गडी

सिंथेरीला खाली उतरायला पायऱ्या आहेत, भरपूर. उतरताना जमेल, चढताना गुडघे बोलतील, आईंना वर झाडाखाली बसवा आणि तुम्ही पोरगीला घेऊन जाऊन या. तीनशे फुटांचा उभा कातळ आहे, खालनं कानेरी नदी जाते, कपारीत आग्या मोहळं लटकलेली असतात म्हणून ओरडाआरडा, धूर, अत्तर-बित्तर काही नको. पाणी शांत दिसतंय म्हणून पाय घालायचा नाही, तिथं माणसं गेलेली आहेत.

उळवी जोयड्याकडनंच फुटतंय, वाटेत धरता येईल. फक्त तारीख बघून जावा मर्दा, फेब्रुवारीत भारत हुण्णिमेला, म्हणजे माघी पौर्णिमेला, तिथं मोठी जत्रा असते, आपल्या बैलहोंगल-सौंदत्तीकडनं, धारवाडाकडनं बैलगाड्याच्या बैलगाड्या निघतात आणि त्या चार-आठ दिवसांत त्या रस्त्यानं जनावर सोडा, तुमची गाडीसुद्धा सरकायची नाही. बायकोला जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी, मग धनेश पुढच्या आठवड्याला ठेवा. सफारीचं बुकिंग मात्र निघायच्या आधी फोन करून पक्कं करा, शनिवार-रविवारी जागा लवकर संपतात. सोमवार-मंगळवार जमवता आलं तर त्याहून बरं.

जोयड्याची_लेक

आणि येताना रामनगरला चहाला थांबलात तर एखाद्या म्हाताऱ्याला जुन्या सुप्याचं विचारा. तासभर उठू देणार नाहीत, तेवढा वेळ हातात ठेवूनच विचारा.