पूर: पावसाचा दोष किती, माणसाचा किती?

मूळ मुद्दा
दर पुरानंतर 'निसर्गाचा कोप' म्हणून हात झटकले जातात, हे मला पटत नाही. १० चौ. किमी पाणलोट आणि तासाला ५० मिमी पाऊस धरा. झाडोऱ्यातून ३० टक्के पाणी वाहून आलं, तर नाल्याला सेकंदाला साधारण ४२ घनमीटर मिळतात. तिथे डांबर-काँक्रीट झालं आणि ९० टक्के वाहू लागलं, की तेच १२५ घनमीटर होतात. पाऊस तेवढाच!

प्रतिसाद १
हे गणित नाल्याचं, मोठ्या नदीला लावू नका. चार-पाच दिवस संततधार लागली की मातीतल्या पोकळ्या भरतात. मग जंगल असो की माळरान, पुढचा बहुतेक पाऊस वाहूनच जातो. १०,००० चौ. किमी खोऱ्यावर १०० मिमी पाऊस म्हणजे १०० कोटी घनमीटर पाणी. त्यात दोन उपनद्यांचे लोंढे एकाच वेळी संगमावर आले, किंवा मुखाशी भरती असली, तर माणसाने काय करायचं?

प्रतिसाद २
पाणी किती आलं हा एक प्रश्न, ते किती चढलं हा दुसरा. घरात शिरते ती पातळी. पूल बांधताना दोन्ही काठांना भराव टाकून मधे पाणी जायला मोजकेच गाळे ठेवतात. खांबांना ओंडके अडकले की उरलेली वाटही तुंबते आणि वरच्या अंगाला फुगवटा चढतो. पूरमैदानात भराव घातला की पाण्याला पसरायला जागाच उरत नाही. नेपाळातून बिहारमध्ये उतरणाऱ्या कोसी नदीचा तटबंध, म्हणजे काठाने घातलेला बांध, १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहाजवळ फुटला, तेव्हा प्रवाह त्याच्या क्षमतेच्या पाव हिश्शाहूनही कमी होता. तिथे पावसाला दोष कसा देणार?

प्रतिसाद १
कोसीचा गाळ हिमालयातून येतो. तटबंध नव्हते तेव्हाही ती पात्र बदलत पश्चिमेला शंभरेक किलोमीटर सरकली आहे.

प्रतिसाद २
बरोबर, आणि म्हणूनच तिला कोंडणं घातक ठरलं. पूर्वी गाळ मैदानभर पसरायचा. तटबंधांमध्ये तो पात्रातच साचला, तळ वर आला, प्रवाह एका बाजूला सरकून तटबंधाचा पायथा खरवडू लागला. उंची वाढवून हे थांबत नाही. पायथ्याची धूप आणि पाझर यांवर पावसाळाभर पहारा लागतो, आणि शक्य तिथे तटबंध काठापासून मागे घ्यावे लागतात.

प्रतिसाद ३
धरणांचंही बोला. पावसाळा निम्मा उरलेला असताना जलाशय काठोकाठ भरला, की येईल तेवढं पाणी तसंच पुढे सोडावं लागतं. अंदाज येताच दरवाजे थोडे-थोडे उघडून जागा करायला हवी. मात्र त्यानंतर पाऊस हुकला, तर उन्हाळ्यातल्या टंचाईचं उत्तर दरवाजे उघडणाऱ्या अभियंत्यालाच द्यावं लागतं. हा धोका कोणी पत्करायचा, हे आधी लेखी ठरलेलं असावं.