मजकूर उचलायला टेक्स्टकन्टेन्ट नको, इनरटेक्स्टच हवं

डिचोलीकर:
चवथीतल्या (गोव्यातल्या गणेशोत्सवातल्या) गावोगावच्या भजनांची आणि घुमट (मातीचं वाद्य) वाजवत म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांची एकत्र यादी करतोय. वेगवेगळ्या मंडळांच्या वेबपानांवरून जावास्क्रिप्टने मजकूर उचलतो. घटकातला मजकूर वाचायला दोन गुणधर्म आहेत, टेक्स्टकन्टेन्ट (textContent) आणि इनरटेक्स्ट (innerText). जो तो सांगतो, टेक्स्टकन्टेन्ट वापर. मला ते पटत नाही. तक्त्यातल्या एका खान्यात गावाचं नाव ‘माशेल’, शेजारच्यात वेळ ‘सायं. ७’, आणि सोर्समध्ये दोन टॅगांच्या मधे जागा नाही. टेक्स्टकन्टेन्ट हातात देतं ‘माशेलसायं. ७’. इनरटेक्स्ट मधे टॅब घालतं, बीआर आला की ओळ तोडतं, परिच्छेद सुटे ठेवतं. अख्ख्या बॉडीचं टेक्स्टकन्टेन्ट घेतलं तर स्क्रिप्ट आणि स्टाइल टॅगांतला कोडसुद्धा भजनांच्या यादीत येऊन बसतो. पानावर माणसाला जे दिसतं तेच यादीत यावं.

फोंडेकर:
डिचोलीकरबाब, अजिबात सहमत नाही. ‘जे दिसतं ते’ इथेच तर घोळ आहे. पानावर पाच पथकं दिसतात, बाकीची ‘आणखी वाचा’खाली डिस्प्ले नन करून (सीएसएसने लपवून) ठेवलेली असतात. इनरटेक्स्ट ती सरळ गाळतं. एरर नाही, काही नाही. चिकटलेले शब्द निदान नजरेला खटकतात, गळलेलं पथक कोणाच्या लक्षात येणार? वर इनरटेक्स्टला लेआउट, म्हणजे पानाची मोजलेली मांडणी, लागतो. लूपमध्ये एका हाताने पान बदलत आणि दुसऱ्या हाताने ते वाचत गेलात तर ब्राउजर दर फेरीला मांडणी नव्याने मोजतो.

डिचोलीकर:
आधी सगळं वाचून घ्यावं, पानात बदल मागाहून करावेत. वेगाचा प्रश्न तिथेच मिटतो. आणि लपवलेल्यात फक्त पथकंच असतात का? मोबाइलसाठीचा दुसरा मेनू, गेल्या वर्षीचं वेळापत्रक, रद्द झालेला कार्यक्रम, हेही लपवलेलंच असतं. जुनी वेळ यादीत गेली तर पेडण्याची माणसं माशेलपर्यंत येऊन तशीच परत जातील. मला तो धोका मोठा वाटतो.

वास्कोची_वाचक:
मूळ मुद्दा दोघांच्याही नजरेतून सुटलाय. पान टॅबमध्ये न उघडता फेच करून (नुसता सोर्स मागवून) डीओएमपार्सरने, म्हणजे सोर्सचे घटक करून देणाऱ्या साधनाने, वाचणार असाल तर हा वादच उरत नाही. घटक रेंडर झालेला (पानावर मांडलेला) नसेल तेव्हा इनरटेक्स्टने टेक्स्टकन्टेन्टचंच उत्तर द्यायचं असा नियम आहे. म्हणजे तीच ओळ उघड्या टॅबमध्ये एक मजकूर देते आणि पार्सरमध्ये दुसरा. टेक्स्टकन्टेन्ट २००४ सालच्या डॉम लेव्हल ३ (पानाची रचना कोडने हाताळायचं प्रमाण) पासून प्रमाणात आहे. इनरटेक्स्ट इंटरनेट एक्स्प्लोररचं, फायरफॉक्सने ते थेट २०१६ मध्ये, ४५व्या आवृत्तीत घेतलं. जिथे चालवाल तिथे एकच उत्तर देणारं मला हवं. मत फोंडेकरांना.

काणकोणकर:
एवढं कशाला? ट्रीवॉकरने (पानाचे तुकडे एकेक करून फिरणारं साधन) सगळे टेक्स्ट नोड, म्हणजे मजकुराचे सुटे तुकडे, गोळा करा, मधे एकेक स्पेस घाला, झालं.

फोंडेकर:
तेवढं मात्र करू नका! कित्येक पानांवर पहिलं अक्षर मोठं दाखवायला ते वेगळ्या स्पॅन टॅगमध्ये टाकतात. ‘मा’ एका नोडमध्ये, ‘शेल’ दुसऱ्यात. तुमच्या यादीत ‘मा शेल’ असं नवंच गाव वसेल. त्यापेक्षा घटकाचा क्लोन (प्रत) घ्या, त्यातले स्क्रिप्ट-स्टाइल काढा, खाना, परिच्छेद आणि यादीतली बाब संपते तिथे नवी ओळ घाला, बीआरच्या जागीही घाला, आणि मग टेक्स्टकन्टेन्ट वाचा.

डिचोलीकर:
म्हणजे इनरटेक्स्ट जे आयतं देतं ते हाताने करायचं. आणि ज्या मंडळाने तक्ता न करता सगळं डिव्हांत आणि स्पॅनांत कोंबलंय, स्पॅनला सीएसएसने ब्लॉक (स्वतंत्र ओळीवर येणारा) केलंय, तिथे तुमचे नियम आंधळेच. मी पान टॅबमध्ये उघडणार, ‘आणखी वाचा’ स्क्रिप्टनेच क्लिक करणार आणि मग इनरटेक्स्ट घेणार.

फोंडेकर:
आणि बटणाशिवाय लपवलेलं असेल तिथे? माझं मत तेच आहे. पण तुम्ही तुमच्याच वाटेने जाणार असाल तर निदान एवढं करा: स्क्रिप्ट-स्टाइल वगळून दोन्हींनी मजकूर घ्या, मोकळ्या जागा काढून लांबी ताडून बघा. जिथे फरक पडेल ते पान स्वतः वाचा आणि मंडळाला फोन करून वेळ विचारून घ्या.